पासवर्डच्या जागी स्टार हवेत? आधी टर्मिनलला गप्प करायला शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी इंदूरला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. सी भाषेत लायब्ररीचा कन्सोल प्रोजेक्ट केला आहे. घरी टर्बो सीवर गेटसीएच (एक कळ वाचणारे फंक्शन) वापरून पासवर्डच्या जागी स्टार येत होते. कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स आहे, तिथे त्याची हेडर फाइल कोनिओ डॉट एच सापडतच नाही. मित्राने पायथनचे गेटपास (पासवर्ड विचारणारे मॉड्यूल) सांगितले, त्यात तर काहीच दिसत नाही. सरांना स्टार हवेत. कोणी ताई-दादा नीट समजावून सांगतील का?"

सांगते. मी इंदूरलाच असते, आणि दुकाने, गोदामे, लहान संस्था यांच्यासाठी बिलिंग आणि हिशेबाचे प्रोग्राम लिहायला लागून मला २२ वर्षे झाली. त्यातले बरेचसे अजून काळ्या पडद्यावरच चालतात, त्यामुळे हा विषय मी अनेकदा हाताळला आहे. तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

तू विचारतो आहेस की स्टार कसे छापायचे. स्टार छापणे या सगळ्यातले सर्वांत सोपे काम आहे, एका ओळीचे. अवघड प्रश्न त्याच्या आधीचा आहे: तू कळ दाबलीस की पडद्यावर अक्षर उमटवतो कोण? त्याला तेवढ्यापुरते गप्प कसे बसवायचे? आणि काम झाल्यावर, किंवा मध्येच काही बिनसल्यावर, त्याला पुन्हा बोलते कसे करायचे? लोक पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नेटवरून उचलतात आणि तिसरा सोडून देतात. मीही सोडला होता. त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

लॅबमध्ये बसलास की एक प्रयोग करून बघ. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघड, स्लीप १० अशी आज्ञा दे, आणि ती दहा सेकंद थांबलेली असताना काहीही टाइप कर. अक्षरे उमटतील. स्लीप तर कीबोर्ड वाचतच नाही, ती नुसती झोपलेली आहे. म्हणजे अक्षरे उमटवणारा तुझा प्रोग्राम नव्हे. ते काम कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, टर्मिनल ड्रायव्हरचे. तो प्रत्येक कळ घेतो, तिची प्रत पडद्यावर टाकतो (यालाच एको म्हणतात), आणि पूर्ण ओळ स्वतःकडे जमा करून ठेवतो. बॅकस्पेस दाबली की शेवटचे अक्षर तोच पुसतो. एंटर दाबल्यावर कुठे ती ओळ तुझ्या स्कॅनएफच्या हाती पडते. तुझ्या प्रोग्रामला पासवर्ड मिळेपर्यंत तो केव्हाच पडद्यावर छापून झालेला असतो. मागाहून कितीही स्टार छापलेस तरी उपयोग नाही तो यामुळे.

टर्बो सीमध्ये हे का जाणवले नाही? टर्बो सी १९८७ मध्ये आले ते डॉससाठी. तिथे गेटसीएच थेट कळ उचलून देते, एको करतच नाही. तू स्टार छापलास आणि काम झाले. ते कोनिओ डॉट एच डॉस-विंडोजच्या जगातले आहे, सीच्या मानकात ते कधीच नव्हते. विंडोजवर आजही गेटसीएच चालते, फक्त नावाआधी अंडरस्कोर लागतो. लिनक्सवर गेटसीएच नावाचे एक फंक्शन एनकर्सेस लायब्ररीत आहे खरे, पण ते सगळा पडदाच ताब्यात घेणाऱ्या व्यवस्थेचा भाग आहे. तेवढे एकटे उचलून वापरू नकोस.

आता स्टार की काहीच नाही? याचे एकच उत्तर नाही. प्रोग्राम कोण वापरणार आहे त्यावर ते ठरते.

सियागंजातल्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडे मी पहिल्यांदा लिनक्सवरचे बिलिंग बसवले, तेव्हा युनिक्सच्या रीतीप्रमाणे पासवर्ड टाकताना काहीच दिसणार नाही असे ठेवले होते. तिथले मुनीमजी सत्तरीचे. दोन बोटांनी टाइप करायचे: आधी कीबोर्डकडे बघून कळ दाबायची, मग मान वर करून पडद्यावर ते अक्षर उमटले का ते बघायचे, मग पुढची कळ. पहिल्याच दिवशी त्यांनी एक कळ दाबली, वर बघितले, काही नाही. पुन्हा दाबली. मग जोरात दाबली. त्या दुकानात हळद-मिरचीची बारीक धूळ सगळीकडे बसलेली असते. त्यांना वाटले ती कळांखाली शिरली. त्यांनी कीबोर्ड उलटा केला, गल्ल्याच्या फळीवर दोनदा झटकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीन चुकांनंतर खाते बंद, आणि बाहेर हातगाड्या खोळंबलेल्या. मी संध्याकाळी जाऊन स्टार बसवून दिले. त्यानंतर ते मला एकदाच म्हणाले, "बाई, आता कळतंय की तो ऐकतोय." स्टारचा खरा उपयोग एवढाच: कळ पोचली ही पावती. तुझे सर स्टार मागताहेत त्यात काही गैर नाही.

याउलट सर्व्हरवर काम करणाऱ्या माणसाला त्या पावतीची गरज नसते. म्हणून सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारी), एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करणारी) यांसारख्या आज्ञा परंपरेने काहीच दाखवत नाहीत. कारण असे देतात की स्टार मोजून पासवर्डची लांबी कळते. हे कारण कितपत वजनाचे आहे, हिशेब करून बघू. फक्त २६ लहान अक्षरांतून पासवर्ड बनतो असे धर. आठ अक्षरी पासवर्ड जितके होतील, त्यांच्या तुलनेत एक ते सात अक्षरी सगळे मिळून साधारण पंचविसावा हिस्सा भरतात. म्हणजे "हा आठ अक्षरी आहे" एवढे कळल्याने सगळे पर्याय चाळणाऱ्याची मेहनत जेमतेम चार टक्क्यांनी वाचते. चांगल्या लांबीच्या पासवर्डला त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो चारच स्टार दिसले तर. मग बघणाऱ्याला कळते की इथे जोर लावण्यात अर्थ आहे. म्हणून माझा नियम: गल्ल्यावर, काउंटरवर, सवय नसलेल्या माणसासाठी स्टार दाखवायचे आणि पासवर्ड किमान दहा अक्षरी मागायचा. प्रशासकासाठी असलेल्या साधनात काहीच दाखवायचे नाही.

पासवर्ड असा झाकण्याला 'मास्क' करणे म्हणतात. हे नाव किती जुने आहे तेही सांगते, कारण ते मला फार आवडते. पडद्याऐवजी कागदावर छापणारी टर्मिनल असायची तेव्हा काही यंत्रांवर एको बंद करताच येत नसे, कळ दाबली की अक्षर कागदावर उमटणारच. मल्टिक्ससारख्या जुन्या संगणक प्रणाली अशा वेळी पासवर्डच्या जागी आधीच एकावर एक अक्षरे छापून काळा पट्टा तयार करत, आणि माणूस त्या पट्ट्यावर आपला पासवर्ड टाइप करी. खरोखरीचा मुखवटा.

आता प्रत्यक्ष काम. लिनक्सवर सीमध्ये यासाठी टर्मिऑस नावाची हेडर फाइल आहे. सगळी नावे देवनागरीत लिहिते आहे, मॅन्युअलमध्ये शोधताना इंग्रजी स्पेलिंग लक्षात येईल.

पहिली गोष्ट, एसटीडीइनवर, म्हणजे प्रोग्रामच्या नेहमीच्या इनपुटवर, विसंबू नकोस. डेव्ह फोल्डरमधली टीटीवाय ही फाइल वाचण्या-लिहिण्यासाठी उघड. ती म्हणजे ज्या टर्मिनलवरून प्रोग्राम चालू आहे ते टर्मिनल. इनपुट एखाद्या फाइलकडून वळवलेले असले किंवा आउटपुट फाइलमध्ये जात असले, तरी "पासवर्ड:" हा शब्द आणि स्टार माणसासमोरच येतात. ती उघडली नाही तर प्रोग्रामसमोर माणूस नाही असे समज, आणि मुकाट्याने पुढे न जाता स्पष्ट संदेश देऊन थांब.

मग टीसीगेटअ‍ॅटर या फंक्शनने टर्मिनलची सध्याची अवस्था एका रचनेत घे. ही रचना जपून ठेवायची, तिला हात लावायचा नाही. तिची दुसरी प्रत कर आणि बदल त्या प्रतीत कर. लोकल फ्लॅग्जमधले दोन फ्लॅग काढायचे: एको, म्हणजे अक्षरे उमटणे थांबेल, आणि आयकॅनन, म्हणजे एंटरची वाट न बघता प्रत्येक कळ लगेच तुझ्याकडे येईल. नुसते "काहीच दिसू नये" एवढेच हवे असेल तर फक्त एको काढ, आयकॅनन राहू दे. मग बॅकस्पेसचे काम ड्रायव्हरच करतो आणि तुझा कोड दहा ओळींत संपतो. स्टार हवेत म्हटले की दोन्ही काढावे लागतात, आणि ड्रायव्हर जे जे करत होता ते सगळे तुझ्या अंगावर येते. सरांना हा फरक सांग, त्यांना आवडेल.

बदललेली प्रत टीसीसेटअ‍ॅटरने लावताना टीसीएसएफ्लश हा पर्याय दे. तो आधी टाइप होऊन पडलेल्या, अजून न वाचलेल्या कळा फेकून देतो. काही घाईची माणसे "पासवर्ड:" दिसण्याआधीच टाइप करायला लागतात. ती अक्षरे एको चालू असतानाच पडद्यावर गेलेली असतात, ती पासवर्डमध्ये घ्यायची नाहीत.

मग लूप. एक बाइट वाच. आलेला आकडा १० किंवा १३ असेल तर एंटर, लूप संपव. १२७ किंवा ८ असेल तर बॅकस्पेस. इथे बहुतेक विद्यार्थी अडकतात, कारण टर्बो सीत बॅकस्पेस ८ असते आणि लिनक्सच्या बहुतेक टर्मिनलवर ती १२७ पाठवते. दोन्ही तपास. पुसताना आधी बघ की पुसायला काही आहे का. असेल तर लांबी एकने कमी कर आणि पडद्यावर तीन अक्षरे पाठव: मागे, जागा, मागे. नुसते "मागे" पाठवलेस तर कर्सर सरकतो पण स्टार जागेवरच राहतो. २१ म्हणजे कंट्रोल-यू, अख्खी ओळ पुसण्याची जुनी सवय, तीही सांभाळ. ३२ च्या खालचे बाकीचे आकडे सोडून दे. साठवायची जागा भरली असेल तर पुढची कळ घेऊ नकोस आणि तिचा स्टारही दाखवू नकोस. हे सगळे ओलांडून आले ते साठव, एक स्टार छाप आणि एफफ्लश कर. एफफ्लश विसरलास तर प्रिंटएफ ते स्टार स्वतःजवळ दडवून ठेवेल आणि शेवटी सगळे एकदम ओतेल.

पुसण्याचा भाग मी एवढा लांबवला त्याला कारण आहे. सुडोमध्ये स्टार दाखवण्याचा एक पर्याय आहे, पीडब्ल्यूफीडबॅक नावाचा. मूळ सुडोमध्ये तो बंद असतो, लिनक्स मिंटसारख्या काही वितरणांनी तो चालू करून दिला होता. २०२०च्या सुरुवातीला त्यात मोठी भेग सापडली, सुरक्षा-त्रुटींच्या यादीत नोंद सीव्हीई-२०१९-१८६३४. पूर्ण ओळ पुसण्याच्या कोडमध्ये हिशेब चुकत होता: पडद्यावरचे स्टार पुसताना लिहिणे अयशस्वी झाले की उरलेली जागा पूर्ण मोकळी धरली जाई, पण लिहिण्याची खूण मागे येत नसे. त्यातून बफर (साठवायची जागा) ओलांडला जाई, आणि सुडो रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने चालत असल्याने साध्या वापरकर्त्याला रूट होता येई. १.८.३१ मध्ये ते दुरुस्त झाले. जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्राममध्ये, मुरलेल्या हातांनी लिहिलेल्या कोडमध्ये, चूक नेमकी स्टार पुसण्यात निघाली. म्हणून लांबीची तपासणी दोन्ही टोकांना, शून्यालाही आणि कमालीलाही, आणि प्रत्येक फांदीत.

आता तो तिसरा प्रश्न. लूप संपल्यावर जपून ठेवलेली रचना टीसीसेटअ‍ॅटरने परत लाव आणि एक नवी ओळ छाप, कारण एंटरचाही एको झालेला नसतो. हे सगळे करतात. पण लूप मध्येच तुटला तर?

माझ्या एका जुन्या प्रोग्रामात मी कंट्रोल-सी पकडून "बाहेर पडत आहे" असा संदेश देत होते आणि एक्झिट करत होते. छान दिसायचे. एके सकाळी एका गोदामातून फोन आला की मशीन मुके झाले, काही टाइप केले तरी उमटत नाही, तिघांनी कीबोर्ड बदलून पाहिले. मी रामबागेतून स्कूटरवर गेले. आदल्या रात्री कुणीतरी पासवर्ड टाकता टाकता कंट्रोल-सी दाबून घरी गेले होते. माझा कोड संदेश देऊन बाहेर पडला, एको बंदच राहिला. बॅश (तुझ्या आज्ञा घेणारा शेल) एरवी सिग्नलने, म्हणजे कंट्रोल-सीसारख्या थांबण्याच्या सूचनेने, मेलेल्या प्रोग्रामनंतर टर्मिनल पूर्ववत करते, पण माझा प्रोग्राम सिग्नल पकडून स्वतःहून एक्झिट झाला होता, आणि बॅशच्या दृष्टीने ते नेहमीचेच संपणे. मी न दिसणाऱ्या पडद्यावर एसटीटीवाय सेन असे टाइप करून एंटर दाबले आणि सगळे परत आले. दोन शब्दांचे काम, पण दुकानदाराची अख्खी सकाळ गेली होती.

तेव्हापासून मी असे करते. पासवर्ड वाचायच्या आधी सिगइंट, सिगटर्म, सिगहप आणि कंट्रोल-झेडचा सिगटीएसटीपी या सिग्नलांसाठी हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन) बसवते. हँडलर फक्त एक खूण लावतो, बाकी काही करत नाही. त्याच्या आत प्रिंटएफ, मॅलॉक वगैरे करणे सुरक्षित नसते. हँडलर बसवताना सिगअ‍ॅक्शन वापरते आणि एसए-रीस्टार्ट देत नाही, म्हणजे अडकलेला रीड ईआयएनटीआर ('मध्येच तुटले' ही त्रुटी) देऊन सुटतो. लूप खूण बघतो, टर्मिनल पूर्ववत करतो, जुने हँडलर परत बसवतो, आणि मग तोच सिग्नल स्वतःला पुन्हा पाठवतो, म्हणजे प्रोग्राम त्याच कारणाने मेला हे शेललाही कळते. सीचे जुने गेटपास फंक्शन यावर सोपा उपाय करते: सिग्नल देणाऱ्या कळाच बंद करून टाकते. पण मग माणसाला मध्येच बाहेर पडायला वाट राहत नाही. ते फंक्शन पॉसिक्सच्या (युनिक्ससारख्या प्रणालींच्या) २००१च्या मानकातून काढूनही टाकले आहे, नव्या कोडमध्ये घेऊ नकोस. सिगकिलने मारले तर मात्र कोणाचेच काही चालत नाही. तेवढ्यासाठी एसटीटीवाय सेन पाठ असू दे.

पायथनमध्ये हेच काम ट्राय आणि फायनली यांच्यात होते, आणि गेटपास मॉड्यूल ते आतल्या आत करते. तुला त्यात काही दिसले नाही ते बरोबरच आहे, त्याची रचनाच तशी आहे. पायथन ३.१४ पासून त्याला एको-कॅर नावाचे नवे आर्ग्युमेंट मिळाले आहे, त्यात स्टार दिलास की स्टार दिसतात. लॅबमधले पायथन जुने असेल तर हे चालणार नाही. आणि आयडीईच्या (कोड लिहून तिथेच चालवायच्या सॉफ्टवेअरच्या) आत चालवून बघू नकोस. आयडल किंवा काही आयडीईंच्या रन-खिडकीत खरे टर्मिनल नसतेच, त्यामुळे गेटपास "एको आवरता येत नाही" असा इशारा देते आणि पासवर्ड उघडा दिसतो. विंडोजवर गिट बॅशच्या खिडकीतही अडचण येऊ शकते. जावामध्ये सिस्टम डॉट कन्सोलमधले रीडपासवर्ड आहे, जावा ६ पासून. आयडीईत चालवल्यावर तो कन्सोल नल आला म्हणून मुले कोड चुकला असे समजतात. कोड ठीक असतो, जागा चुकलेली असते. बॅश स्क्रिप्टमध्ये रीडला वजा-एस द्यायचे. सी शार्पमध्ये रीडकीला ट्रू द्यायचे. विंडोजवर सीमध्येच राहणार असशील तर अंडरस्कोरवाले गेटसीएच चालेल, पण बाणाच्या कळा तिथे दोन आकडे पाठवतात, आधी ० किंवा २२४ आणि मग कळीचा. पहिला आला की दुसरा वाचून दोन्ही टाकून दे, नाहीतर एका बाणाचे दोन स्टार येतील आणि पासवर्डात कचरा शिरेल.

एक खास आपल्या लोकांची गोष्ट. कोणी पासवर्ड मराठीत टाकला तर? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. "इंदूर" घे. डोळ्यांना तीन अक्षरे. संगणकाला पाच चिन्हे: इ, अनुस्वार, द, दीर्घ ऊकार, र. आणि बाइट पंधरा. वरचा लूप एकेक बाइट वाचतो, म्हणजे "इंदूर" टाकल्यावर पंधरा स्टार येतील. एकदा बॅकस्पेस दाबली की र चा फक्त शेवटचा बाइट जाईल आणि मागे अर्धवट तुकडा राहील. दुरुस्ती सोपी आहे: ज्या बाइटचे वरचे दोन बिट १० आहेत तो आधीच्या चिन्हाचा पुढचा भाग असतो, त्याचा स्टार छापायचा नाही. पुसताना असे बाइट काढत काढत ज्याचे वरचे बिट १० नाहीत त्या बाइटपर्यंत जायचे, आणि तोही काढायचा.

एवढे करूनही मी ग्राहकांना पासवर्ड रोमनमध्येच ठेवायला सांगते. कारण "सुपाऱ्या" सारखा शब्द. त्यातला ऱ्या दोन कीबोर्डवर दोन प्रकारे उमटतो. एक कीबोर्ड नुक्तावाला ऱ आणि हलंत पाठवतो, दुसरा साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, बाइट वेगळे. युनिकोडचे नॉर्मलायझेशन केले तरी हे दोन एक होत नाहीत. ऑफिसात ठेवलेला पासवर्ड घरच्या कीबोर्डवरून चुकीचा ठरतो, आणि समोर स्टारच असल्याने माणसाला कारण कळायचा मार्गच नसतो.

शेवटचा भाग सरांनी विचारला नसेल, पण तुझ्या प्रोजेक्टसाठी मला तो स्टारपेक्षा महत्त्वाचा वाटतो. स्टार फक्त पडद्याकडे बघणाऱ्यापासून वाचवतात. बोटांकडे बघणाऱ्यापासून नाही, आणि आज प्रत्येक गल्ल्याच्या डोक्यावर कॅमेरा असतो. बरेच विद्यार्थी पासवर्ड कोडमध्येच लिहितात आणि एसटीआरसीएमपीने जुळवतात. तसे केले असशील तर कंपाइल झालेल्या फाइलवर स्ट्रिंग्ज ही आज्ञा चालव. "एंटर पासवर्ड" या वाक्याच्या आसपास तुझा पासवर्ड साध्या अक्षरांत दिसेल. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवला असशील तर तेवढेही कष्ट नकोत. साठवायचा तो हॅश (पासवर्डवरून काढलेला, ज्यावरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही असा मजकूर), आणि तोही पासवर्डसाठीच बनवलेला, बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ सारखा. लिनक्सवर सीमध्ये क्रिप्ट हे फंक्शन उपलब्ध असते, तुझ्या प्रोजेक्टला ते पुरेल.

दुसरे, काही मुले एकोची कटकट नको म्हणून पासवर्ड आज्ञेबरोबरच आर्ग्युमेंट म्हणून घेतात. तसे करू नकोस. तो शेलच्या हिस्ट्रीत राहतो, आणि प्रोग्राम चालू असेपर्यंत पीएस आज्ञेने त्याच मशीनवरच्या इतरांना साधारणपणे दिसतो. लॅबच्या सर्व्हरवर पन्नास जण एकदम लॉगिन असतात.

तिसरे, काम झाले की पासवर्डची जागा पुसून टाक. मेमसेट नको. त्यानंतर ती जागा वाचली जात नाही हे बघून कंपायलर ती ओळच उडवू शकतो. ग्लिबसीत (लिनक्सच्या सी लायब्ररीत) २.२५ पासून एक्सप्लिसिट-बीझीरो आहे, ते वापर.

सबमिट करण्याआधी हे करून बघ: पासवर्ड अर्धा टाकून कंट्रोल-सी दाब आणि नंतर काही टाइप होते का बघ. रिकाम्या ओळीवर वीस वेळा बॅकस्पेस दाब, "पासवर्ड:" हा शब्द खाल्ला जाता कामा नये. तीनशे अक्षरे पेस्ट कर. इनपुट फाइलकडून वळवून चालव. मग "इंदूर" टाक आणि स्टार मोज, पाच आले पाहिजेत.

अडलास तर लॅबच्या मशीनवर एसटीटीवाय वजा-ए चालवून जे येईल ते जसेच्या तसे इथे टाक, म्हणजे तिथले टर्मिनल बॅकस्पेस म्हणून कोणता आकडा धरते ते त्यातून सांगता येईल. पासवर्ड मात्र चुकूनही टाकू नकोस.